चांगला कोंबडा जत्रेला कापू नका

बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीकडच्या एका तरुणानं विचारलंय: घरामागं आठ गुंठ्यांचं परडं आहे. गेल्या दिवाळीत गिरिराजा या सुधारित जातीची 25 पिल्लं आणली, त्यांतली नऊ उरली, सात माद्या आणि दोन नर. जोडीला आईच्या चार जुन्या जवारी (गावठी) कोंबड्या आहेत. दरवर्षी पिल्लं विकत न आणता घरच्याच कळपातून घरापुरती अंडी आणि पंधरवड्याला रश्श्याला एक पक्षी मिळावा, तर कोणती जात ठेवावी?

मी नंदगड भागात सव्वीस वर्षं कोंबड्या पाळतेय. दोनदा खुराडं पूर्ण रिकामं झालं, दोन्ही वेळा चूक माझीच होती. जातीचा प्रश्न सगळे आधी विचारतात, मी तो नंतर घेते. आधी एक गोष्ट स्वतःच्याच गावात फिरून बघा. लक्ष्मीची जत्रा जवळ आली की प्रत्येक घरातला कोणता कोंबडा जातो? सगळ्यात उंच, तुरा लालभडक, वजनाला भारी, तोच. त्यालाच गिऱ्हाईक असतं आणि पाहुण्यांपुढं मानही त्याचाच. मागं उरतो तो बारका, कोपऱ्यात दबून राहणारा. पुढच्या वर्षीच्या सगळ्या पिल्लांचा बाप तोच होतो. दहा वर्षं असं केलं की कळप बुटका होतो, अंडी कमी होतात, आणि मग आपण म्हणतो की जवारीत आता दम राहिला नाही, सरकारी पिल्लं आणूया. दम जातीतला गेला नाही, तो आपण शिजवून खाल्ला.

म्हणून पहिला नियम: पिल्लं चार-पाच महिन्यांची झाली की आधी ठेवायचे नर निवडायचे, पायात रंगीत कडी घालायची, आणि मग उरलेल्यांचा हिशोब करायचा. घरातल्यांना हे पटवणं हेच खरं काम आहे. आमच्या सासूबाईंना पटायला तीन वर्षं लागली.

नर निवडताना नुसता त्याचा रुबाब बघू नका. त्याची आई कोण ते बघा. अंडी कोंबडा घालत नाही, पण अंडी घालण्याचा गुण लेकींना बापाकडूनही जातो. ज्या कोंबडीनं वर्षात जास्त अंडी घातली आणि ज्या कोंबडीची जास्त पिल्लं दोन महिन्यांपर्यंत जगली, तिच्या मुलांतला धडधाकट तो ठेवायचा. हे लक्षात राहत नाही, लिहावं लागतं. मी कालनिर्णयवर लिहिते. कोणती कोंबडी कधी खुडूक (अंडी उबवायला) बसली, किती अंडी ठेवली, किती फुटून पिल्लं निघाली, दोन महिन्यांनी किती उरली, एवढ्या चार आकड्यांत सगळं येतं. खुडुकाखाली ठेवायच्या अंड्यावर पेन्सिलीनं तारीख आणि आईची खूण घालायची.

आता जात. गिरिराजा बेंगळुरूच्या हेब्बाळला, कृषी विद्यापीठात तयार झाली. कावेरी हेसरघट्ट्याची, वनराजा हैदराबादची. तिन्ही परड्यासाठीच काढलेल्या आहेत आणि पोटभर खाद्य मिळालं तर जवारीच्या दुपटीनं अंडी देतात. पण त्या संकरातून आलेल्या आहेत हे पिल्लं विकणारा सांगत नाही. त्यांची आपापसांत पैदास केली की पुढच्या पिढीत सगळं विखुरतं: एक पिल्लू बापासारखं, एक आजीसारखं, एक कुणासारखंच नाही. वजनही विखुरतं, अंडीही. दुसरं, त्या खुडूक जवळपास बसतच नाहीत. वर्षभर अंडी मिळावीत म्हणून खुडूकपणा मुद्दाम काढलेला आहे. म्हणजे विजेवरचं यंत्र नसेल तर त्यांची अंडी उबवणार कोण? आपली जवारी. तिची अंडी वर्षाला 50 ते 70, आकारानं लहान, वाढ सावकाश. पण ती स्वतः उबवते, पिल्लं फिरवते, घार दिसली की ओरडून सगळ्यांना काजूखाली घेऊन जाते. गिरिराजाला घार म्हणजे काय हे मरेपर्यंत कळत नाही. तुमच्या 25 तल्या सोळांपैकी काही अशाच गेल्या असणार.

माझं मत विचाराल तर कळपाचा कणा जवारीच हवा, त्यात सुधारित रक्त एकदा घालायचं आणि पुढं निवड करत राहायचं. कडकनाथच्या नादाला लागू नका. तो झाबुव्याचा पक्षी, मांस काळं, भाव ऐकायला बरा, पण अंडी सुधारित जातींपेक्षा कमी आणि माद्या खुडूक बसायला नाराज.

दुसरी गोष्ट नात्यातल्या रक्ताची. माझ्याकडं एक तांबडा कोंबडा होता, नाव सरदार. दिसायला असा की रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. मी त्याला चार वर्षं ठेवला. पहिल्या वर्षी बारा अंड्यांतली दहा फुटायची. चौथ्या वर्षी सहा फुटू लागली. दोन पिल्लांच्या चोची वाकड्या निघाल्या, बाकीची पावसाळ्यात पटापट गेली. मी अंड्यांना दोष दिला, पावसाला दिला, शेजारणीच्या नजरेलाही दिला. सरदार आपल्या लेकींवर आणि लेकींच्या लेकींवर चालत होता हे डोक्यात यायला चौथं वर्ष उजाडलं.

याचा हिशोब आहे. दहा कोंबड्यांवर एकच कोंबडा ठेवला तर दर पिढीला कळपातलं नात्यातलं रक्त साधारण 14 टक्क्यांनी वाढतं. बारा कोंबड्यांवर दोन कोंबडे ठेवले तर 7 टक्क्यांच्या आसपास. वीस कोंबड्यांवर चार असतील तर 4 टक्क्यांच्याही खाली. कोंबड्यांची संख्या वाढवून जेवढा फरक पडत नाही तेवढा एक नर वाढवून पडतो. बापाच्या खाली लेक आली की त्यांच्या पिल्लांत एका झटक्यात 25 टक्के. म्हणून कोणताही कोंबडा एक वर्ष, फार तर दीड. पोरी अंड्यावर यायच्या आत बाप गेला पाहिजे.

शेतकी पुस्तकांत यासाठी तीन वेगळी खुराडी सांगितलेली असतात: मुली आईच्या खुराड्यातच राहतात, मुलगे पुढच्या खुराड्यात जातात. आपल्याकडं कोण तीन खुराडी बांधणार? आम्ही तीन घरं केली. मी, माझी जाऊबाई आणि माळावरची नणंद. दर वर्षी दसऱ्याला माझ्या घरचा निवडलेला नर जाऊबाईंकडं जातो, त्यांचा नणंदेकडं, नणंदेचा माझ्याकडं. नेहमी याच क्रमानं, उलट नाही. माद्या कुणीच हलवत नाही. अकरा वर्षं झाली, बाहेरून एकही पक्षी आणलेला नाही आणि चोच वाकडी निघालेली नाही. एवढं मात्र सांभाळा की आलेला नर तीन आठवडे वेगळ्या डालग्याखाली (बांबूच्या टोपलीखाली), घराच्या दुसऱ्या अंगाला ठेवायचा.

बाहेरचं रक्त हवंच असेल तर पक्षी आणण्यापेक्षा अंडी आणा. पाहुण्यांकडून बारा अंडी भाताच्या तुसात घालून आणली आणि आपल्या खुडुकाखाली ठेवली की नवं रक्त येतं आणि मानमोडी (मान मुरगाळणारा साथीचा रोग) सहसा मागं राहते. पांढऱ्या हगवणीचा रोग मात्र अंड्यातूनही उतरतो, म्हणून ज्या घरी लहान पिल्लं ढुंगणाला पांढरं चिकटून मरतात तिथली अंडी घेऊ नका.

आता तुमच्या घरापुरतं किती लागेल ते मांडू. बारा माद्या आणि दोन नर धरा. मादी दोन-अडीच वर्षं ठेवली की बास, म्हणजे दर वर्षी सहा नव्या तलंगा (तरण्या माद्या) हव्यात. निवडायला वाव हवा म्हणून बारा तलंगा मोठ्या झाल्या पाहिजेत. पिल्लांत निम्मे नर असतात, म्हणजे चोवीस-पंचवीस पिल्लं जगायला हवीत. चारातलं एक जातं असं धरलं तर फुटायला हवीत 33. चारातलं एक अंडं फुटत नाही असं धरलं तर उबवायला 44 अंडी. म्हणजे वर्षात चार खुडुका, प्रत्येकीखाली अकरा. यातून दोन नर ठेवून दहा कापायला, सहा जास्तीच्या तलंगा, सहा जुन्या कोंबड्या. 22 पक्षी झाले, म्हणजे पंधरवड्याला जवळपास एक. बारा माद्यांची अंडी जवारी असतील तर 700 च्या पुढं-मागं, अर्ध्या रक्ताच्या (अर्धी जवारी, अर्धी सुधारित) असतील तर बरीच जास्त. जुनी कोंबडी मात्र कुकरला भरपूर शिट्ट्या मागते, पाहुण्यांना तरणा नरच घाला.

खुडूक बसवण्याचं आईला सगळं माहीत असेल, तरी चार गोष्टी सांगते. अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नकोत, उन्हाळ्यात चार दिवसांपेक्षा. माठाजवळ थंड जागी टोक खाली करून ठेवा. मळकी अंडी धुऊ नका, कोरड्या फडक्यानं पुसा, नाहीतर बाजूला काढा. कोंबडी खरंच बसलीय का हे बघायला दोन दिवस टाकाऊ अंड्यांवर बसू द्या, मग रात्री अंधारात खरी अंडी खाली सरकवा. त्याआधी तिच्या पिसांत उवा-पिसवा असतील तर राखेत लोळवून घ्या, नाहीतर दहाव्या दिवशी ती उठून जाते. आमच्या निपाणीकडच्या पाहुण्या घरट्याच्या तळाशी तंबाखूच्या काड्या घालतात. चिमूटभर ठीक, ओंजळभर नको, ते विषच आहे. सातव्या रात्री मोबाईलच्या उजेडावर अंडी बघा. आत कोळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर चालू आहे, स्वच्छ दिसलं तर रिकामं. दोन कोंबड्या एकाच दिवशी बसवल्या तर सातव्या दिवशी रिकामी काढून सगळी चालू अंडी चांगल्या आईखाली देता येतात. एकविसाव्या दिवशी पिल्लं. यंत्र वापरायचं असेल तर 37.5 अंश, आणि शेवटचे तीन दिवस ओल वाढवायची. पण जांबोटीला पावसाळ्यात वीज किती तास असते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

कधी बसवायची? दसरा ते संक्रांत. सुगी झालेली, खळ्यावर भात सांडलेला, ओल उतरलेली. मिरगानंतर काढलेली पिल्लं आपल्या भागात ओल्या खुराड्यात रक्ती हगवणीनं जातात. मार्च-एप्रिलच्या उन्हात अंडं ठेवल्याजागीच अर्धवट चालू होऊन मरतं. ज्या खुडुका अशा नको त्या वेळी बसतात त्यांच्या नाकात पीस घालायची जुनी पद्धत आहे, मला ती बघवत नाही. बांबूच्या फटींच्या पिंजऱ्यात, जमिनीपासून वर, दाणापाणी देऊन चार दिवस ठेवा. पोटाला वारा लागला की ती खुडूकपणा सोडते आणि पुन्हा अंड्याला येते.

जवारी अंडी कमी देते ती काही प्रमाणात आपल्यामुळंच. पंधरा-वीस दिवसांत बारा-चौदा अंडी, 21 दिवस बसणं, मग अडीच महिने पिल्लांमागं. असा एक फेरा साडेतीन-चार महिन्यांचा, वर्षात जेमतेम तीन. पिल्लं पाच-सहा आठवड्यांची झाली की आईपासून वेगळी करा, एक फेरा वाढतो. तोवरचे पहिले तीन आठवडे आई आणि पिल्लं दोन्ही डालग्याखाली किंवा जाळीत. सगळ्यात जास्त पिल्लं याच तीन आठवड्यांत कावळा, मुंगूस आणि घार नेतात. आमच्याकडं हे सुरू केल्यावर दहातली चार जगायची ती आठ जगू लागली. कुठल्याही जातीनं मला एवढं दिलं नाही.

आता मानमोडी. हिच्याबद्दल मी लांबण लावणार आहे, कारण बाकी सगळं बरोबर करून हिच्यापायी शून्य झालेली घरं मी बघितली, माझंही त्यात आहे. एका आठवडी बाजारातून सुंदर काळी तलंग आणली आणि त्याच संध्याकाळी खुराड्यात सोडली. पाचव्या दिवशी तिनं मान मुरगाळली, हिरवी हगवण. दहाव्या दिवसापर्यंत 38 पक्षी पुरले. औषध नाही हिच्यावर, फक्त लस. आपल्या पशू दवाखान्यात राणीखेत म्हटलं तरी कळतं, कोक्करे रोग हे कन्नड नाव घेतलं तर लवकर कळतं. भिंतीवरच्या फलकावर 'हित्तल कोळी साकाणिके' लिहिलंय ते आपल्या परड्यातल्या कोंबड्यांबद्दलच आहे, कन्नड वाचता येत नाही म्हणून पुढं जाऊ नका.

मानमोडीची लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. चौथ्या आठवड्यात पुन्हा. आठ ते दहा आठवड्यांची झाली की आर टू बी, ही मानमोडीचीच दुसरी लस, सुईनं. ही त्याआधी कधीच द्यायची नाही, लहान पिल्लाला तिचाच आजार होतो. मग दर सहा महिन्यांनी. देवीची लस सहा-सात आठवड्यांना, पंखाच्या कातडीत. देवी डासांमुळं पसरते आणि आपल्याकडं डासांना तोटा नाही. मधली गंबोरो या पिल्लांच्या रोगाची, चौदाव्या दिवशी.

अडचण अशी की लशीची बाटली किमान शंभर पक्ष्यांची असते आणि कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. चौदा कोंबड्यांसाठी कोण आणणार? म्हणून गल्ली एकत्र करा. आम्ही पहाटे, कोंबड्या खुराड्यातून सोडायच्या आत, सोळा घरं एका दमात करतो. बाटली दवाखान्यापासून घरापर्यंत बर्फाच्या थर्मासमध्ये. खिशात घालून आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी. आणि शेजाऱ्याच्या कोंबड्यांना लस नसेल तर तुमच्या लशीचा निम्मा उपयोग, हे त्याला गोडीनं सांगा, वाटल्यास पहिल्या वेळी पैसे तुम्ही द्या.

खाद्यावर थोडक्यात. आठ गुंठे परडं, उकिरडा आणि आजूबाजूचं शिवार मिळून बारा-पंधरा पक्ष्यांना पोसतं. त्यापुढं प्रत्येक पक्षी दुसऱ्याच्या तोंडचं खातो आणि अंडी सगळ्यांचीच कमी होतात. संध्याकाळी खुराड्याजवळ मूठभर कण्या, मका किंवा जोंधळा टाका, म्हणजे त्या घरी येतात आणि मोजताही येतात. अंड्याच्या माद्यांना टरफलं भाजून, चुरडून द्या, नाहीतर पातळ कवचाची अंडी आणि मग अंडी फोडून खायची सवय. पिल्लांना वाळवीसारखं दुसरं काही नाही: मडक्यात शेण आणि ओला पेंढा भरून वाळवीच्या जागी रात्री उपडं घाला, सकाळी उचला. बुरसटलेली शेंगदाणा पेंड कधीच नको, स्वस्तात मिळाली तरी. त्या बुरशीनं यकृत जातं.

राहिली तुमची आत्ताची नऊ गिरिराजा आणि चार जवारी. वर एवढं सांगितलं तरी तुमचे दोन्ही गिरिराजा नर खुशाल कापा. ते एकाच घाण्यातले, माद्यांचे भाऊ असण्याची शक्यता मोठी. शिवाय साडेतीन किलोचा नर तुमच्या जवारींच्या पाठी सोलून काढेल. त्याऐवजी दुसऱ्या गावातून, चांगल्या आईचा, हाडापेरानं थोराड असे दोन जवारी नर आणा. ते सातही गिरिराजा माद्यांवर चालतील. अंडं मोठं, म्हणून पिल्लूही मोठं, आणि उबवायला तुमच्या आईच्या चार जवारी आहेतच. त्या चौघींची स्वतःचीही थोडी अंडी बसवा, नाहीतर पाच वर्षांनी उबवायला कुणी उरणार नाही. अर्ध्या रक्ताच्या तलंगांतल्या ज्या खुडूक बसतील त्यांच्या पायात वेगळ्या रंगाची कडी घाला, पुढचे नर त्यांच्या पोटचे घ्यायचे.

आणि एक लक्षात ठेवा, जुना नर गेला तरी त्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे जिवंत असतं. नवे नर तीन आठवडे वेगळे ठेवून कळपात सोडलेत की त्या तारखेपासून कालनिर्णयवर आणखी 21 दिवस मोजून खूण करा. खुणेच्या आधीची सगळी अंडी आम्लेटला, नंतरची खुडुकाखाली.